बोन मॅरोच्या रिपोर्टमध्ये 'मास्ट सेल्स वाढलेल्या' आलंय, म्हणजे हा दुसरा कॅन्सर का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एकाने विचारलंय, वडील ६३ वर्षांचे, घरात आप्पा म्हणतात, शेती करतात. वर्षभर चढ चढताना दम लागतोय, वजन उतरलंय, डाव्या बरगडीखाली जड वाटतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं. हिमोग्लोबिन ८.९, सोनोग्राफीत पानथरी १९ सेंटिमीटर. बोन मॅरोला (हाडाच्या आतल्या मगजाला, जिथे रक्त तयार होतं) सुई घातली तर काही आलंच नाही, मग हाडाचा तुकडा काढला. त्याच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की मेगाकॅरिओसाइट (प्लेटलेट तयार करणाऱ्या पेशी) वाढलेत आणि घोळक्याने आहेत, रेटिक्युलिन फायब्रोसिस (धाग्यांचं जाळं) ग्रेड एमएफ-२, म्हणजे ० ते ३ मधली दुसरी पायरी, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, 'मास्ट सेल्स वाढलेल्या दिसतात, पेशंटच्या लक्षणांशी ताडून पाहावे'. रक्तातली जॅक-२ टेस्ट (जनुकातला बदल शोधणारी) पॉझिटिव्ह. शिवाय आंघोळ केली की अंगाला बेकार खाज सुटते. काका म्हणाले पित्त आहे, आमसुलाचं पाणी लावा, मेडिकलवाल्याने सेट्रिझिन दिली. मुलाने रात्री बसून 'मास्ट सेल' शोधलं आणि थेट मास्ट सेल ल्युकेमियावर जाऊन पोचला. आता त्याचे प्रश्न तीन, हा दुसरा कॅन्सर आहे का, ॲलर्जीच्या गोळ्यांनी फायब्रोसिस कमी होईल का, आणि आता मुंबईला पळायचं का.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, बेळगावात असतो, बोन मॅरोच्या स्लाइडी बघणं हेच रोजचं काम. त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतोय, औषध लिहून देणारे हेमॅटॉलॉजिस्ट वेगळे, त्यांच्या जागी मी बोलत नाही. आणि स्लाइड न बघता कुणाच्याही केसवर शेवटचं बोलता येत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीचा आहे. 'मास्ट सेल्स वाढलेल्या' हे निदान नाही, ते नुसतं निरीक्षण आहे. त्या एका ओळीमागे चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात, त्यातली एक अगदी किरकोळ, एक गंभीर, आणि एक अशी की गंभीर दिसते पण स्वस्त गोळीने सुतासारखी सरळ होते. कुठली ते त्या ओळीवरून कळत नाही, त्यासाठी अजून तीन-चार गोष्टी विचाराव्या लागतात आणि त्या विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आधी मास्ट सेल म्हणजे काय ते बघू. पॉल एर्लिख या जर्मन डॉक्टरने १८७८ मध्ये, विद्यार्थी असतानाच, रंग वापरून या पेशी दाखवल्या. पोटात दाण्यांनी गच्च भरलेली पेशी, त्या दाण्यांत हिस्टामिन, हेपारिन, ट्रिप्टेज, कायमेज असला मालमसाला. गांधीलमाशी चावली की जागा सुजते, खाजते, ते हिचंच काम. लोकांना ती ॲलर्जीची पेशी म्हणून माहीत असते आणि तिथेच घोळ होतो, कारण ती जन्मते बोन मॅरोमध्येच, ज्या मूळ पेशीपासून लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट तयार होतात त्याच मूळ पेशीपासून. नंतर ती त्वचेत, आतड्यात, फुप्फुसात जाऊन पिकते. म्हणजे मूळ पेशीतच बिघाड झाला तर त्या बिघाडाची वारसदार मास्ट सेलही होऊ शकते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता फायब्रोसिस. आप्पांच्या रिपोर्टवरून जे चित्र दिसतंय ते मायलोफायब्रोसिसचं, म्हणजे मॅरोमध्ये धाग्यांचं जाळं वाढत जाणं. जाळं घट्ट झालं की सुईतून मॅरो ओढून येत नाही, आम्ही त्याला ड्राय टॅप म्हणतो. म्हणजे ज्यांनी सुई घातली त्यांना जमलं नाही असं समजू नका, जाळं घट्ट असल्याची ती खूणच आहे. रक्त तयार करायला जागा कमी पडली की ते काम पानथरीत सुरू होतं, म्हणून ती १९ सेंटिमीटर झाली.

पण हे धागे कोण विणतं? धागे विणणाऱ्या पेशी स्वतः कॅन्सरच्या नसतात. त्या मॅरोच्या आधाराच्या साध्या पेशी आहेत, त्यांना कुणीतरी सतत डिवचत असतं म्हणून त्या विणत सुटतात. डिवचणाऱ्यांत मोठा वाटा मेगाकॅरिओसाइटचा, म्हणजे प्लेटलेट तयार करणाऱ्या त्या भल्यामोठ्या पेशींचा. जॅक-२ नावाच्या जनुकात व्ही६१७एफ हा बदल झाला (२००५ मध्ये सापडला, मायलोफायब्रोसिसच्या निम्म्याहून जरा जास्त पेशंटमध्ये असतो, उरलेल्यांत बहुतेक करून सीएएलआर किंवा एमपीएल या जनुकांतला बदल) की या पेशी बेसुमार वाढतात, घोळके करतात आणि त्यांच्यातून टीजीएफ-बीटा आणि तसलेच पदार्थ पाझरत राहतात. त्या पदार्थांनी आधाराच्या पेशी चेकाळतात. म्हणून तुमच्या रिपोर्टमधली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ शेवटची नाही, पहिली आहे, मेगाकॅरिओसाइट घोळक्याने असल्याची.

मग मास्ट सेल यात कुठे बसते? इथे चार शक्यता.

पहिली, ती नुसती शेजारी म्हणून गोळा झालेली आहे. मॅरोत काहीही गडबड झाली की मास्ट सेल्स वाढतात. वॉल्डनस्ट्रॉम नावाचा सावकाश चालणारा लिम्फोमा असतो, त्यात तर इतक्या दिसतात की त्या दिसल्या की आम्ही मुद्दाम तो शोधतो, आणि तिथे त्या नुसत्या बघ्या नसतात, लिम्फोमाच्या पेशींना वाढीचे इशारे देतात असं दिसून आलंय. हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्येही वाढतात, त्यात फायब्रोसिस पण असतो आणि ड्राय टॅप पण, म्हणून तो मायलोफायब्रोसिस समजून चुकीच्या वाटेवर जाऊ शकतो. ॲप्लास्टिक ॲनिमियात मॅरो रिकामा झाला की उरलेल्या मोजक्या पेशींत मास्ट सेल्स उठून दिसतात. म्हणजे संख्या वाढली हा स्वतंत्र आजार नव्हे.

दुसरी, आणि आप्पांच्या बाबतीत मला हीच जास्त शक्य वाटते, ती जॅक-२ वाल्या बिघडलेल्या कुळातलीच एक आहे. मूळ पेशीतच बदल झालाय तर तिच्यापासून झालेल्या मास्ट सेलमध्येही तो असणार, आणि अशी मास्ट सेल जरा जास्त चिडखोर असते, जास्त माल सोडते. पॉलिसायथेमिया (लाल पेशी बेसुमार वाढण्याचा आजार), मायलोफायब्रोसिस या आजारांत आंघोळीनंतर जी खाज सुटते तिचा धागा इथे पोचतो असं मानतात, अगदी सगळं उलगडलेलं नाही. फायब्रोसिसमध्येही हिचा हात असतो, ट्रिप्टेज धागे विणणाऱ्या पेशींना थेट चेतवतं, कायमेज झोपलेल्या टीजीएफ-बीटाला जागं करतं, आणि मास्ट सेल आयएल-१३ नावाचा संदेश सोडू शकते. उंदरांवरच्या प्रयोगांत हा आयएल-१३ चा रस्ता अडवला की फायब्रोसिस कमी झालेला दिसलाय. त्यामुळे मास्ट सेल नुसती प्रेक्षक आहे असं आता कुणी म्हणत नाही. पण मदतनीस असणं वेगळं आणि मुख्य गुन्हेगार असणं वेगळं. माणसांत मायलोफायब्रोसिसचा उपचार अजून तरी मास्ट सेलवर नेम धरून होत नाही, तो संशोधनाचा विषय आहे, तेव्हा त्यावरच्या बातम्या वाचून उद्या डॉक्टरांकडे तसली गोळी मागू नका.

तिसरी शक्यता म्हणजे मास्ट सेल हाच आजार, सिस्टेमिक मास्टोसायटोसिस. इथे बिघाड किट नावाच्या जनुकात, मोठ्या माणसांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा डी८१६व्ही हा एकच ठराविक बदल. आणि यातला एक उपप्रकार असा की मास्टोसायटोसिस आणि दुसरा रक्ताचा आजार दोन्ही एकाच मॅरोत नांदतात. सोबतचा आजार बहुतेक वेळा सीएमएमएल नावाचा (एक रक्ताचा कॅन्सर) असतो, जॅक-२ वाला मायलोफायब्रोसिस क्वचित. क्वचित म्हणजे शून्य नाही, म्हणूनच रिपोर्टमध्ये ती ओळ लिहावी लागते. तुम्ही वाचलेला मास्ट सेल ल्युकेमिया या गटातला सगळ्यात दुर्मिळ आणि सगळ्यात उग्र प्रकार, त्यासाठी मॅरोच्या स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या थरात) वीस टक्के किंवा जास्त पेशी मास्ट सेल्स असाव्या लागतात, 'थोड्या वाढल्यात' यावरून तिथे उडी मारायची नसते.

चौथी, जिच्यासाठी मी एवढं लांबण लावलंय. फायब्रोसिस आहे, मास्ट सेल्स वाढल्यात, आणि सोबत इओसिनोफिल (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) पण भरपूर वाढलेत, पेशंट बहुतेक पुरुष. अशा वेळी पीडीजीएफआरए या जनुकाची दुसऱ्या जनुकाशी जोडाजोड झालेली असू शकते, २००३ मध्ये ती सापडली. हिच्यावर इमॅटिनिब, तीच सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरची गोळी, रोज १०० मिलिग्रॅम इतक्या कमी डोसात सुद्धा झकास चालते आणि आपल्याकडे जेनेरिक गोळी स्वस्तात मिळते. आता आपल्या भागात इओसिनोफिल वाढलेले म्हटलं की जंत, दमा, ॲलर्जी म्हणून सोडून द्यायची सवय, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण दीड हजाराच्या वर आकडा, महिनोन्महिने टिकून, आणि वर पानथरी मोठी, तर ही टेस्ट झालीच पाहिजे. तुम्ही सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) फोटो टाकला नाही, त्यातला इओसिनोफिलचा आकडा बघा. नॉर्मल असेल तर चौथी शक्यता जवळपास बाजूला पडली, आणि जॅक-२ पॉझिटिव्ह असताना तशीही ती कमीच आहे.

आता मी स्लाइडवर नेमकं काय बघतो ते सांगतो, म्हणजे लॅबला काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात मास्ट सेल फसवी असते. नॉर्मल असते तेव्हा गोल, दाण्यांनी भरलेली, हाडाच्या कडेला नाहीतर रक्तवाहिनीला चिकटून एकटी बसलेली. बिघडली की ती लांबुळकी होते, दोन्हीकडे टोकदार, दाणे विरळ. आणि फायब्रोसिसच्या मॅरोत धागे विणणाऱ्या पेशी नेमक्या तशाच लांबुळक्या दिसतात. म्हणजे ज्या मॅरोत तिला ओळखण्याची सगळ्यात जास्त गरज तिथेच ती गर्दीत बेमालूम मिसळून जाते. साध्या रंगावर 'नुसता फायब्रोसिस' वाटलेला पट्टा ट्रिप्टेजचा रंग केल्यावर सगळाच्या सगळा तपकिरी उजळतो, असं होतं. म्हणून नुसत्या डोळ्याच्या अंदाजावर 'वाढल्यात' किंवा 'नाहीत', दोन्ही म्हणायला मी तयार नसतो. ट्रिप्टेज आणि सीडी११७, हे दोन रंग एकाच तुकड्यावर, शेजारी शेजारी. दोन अशासाठी की सीडी११७ कोवळ्या ब्लास्ट पेशींना पण लागतो, एकट्यावर विसंबलं तर फसगत होते.

मग मांडणी. आठवडी बाजारात माणसं जिकडंतिकडं पांगलेली असतात ते वेगळं आणि एका कट्ट्यावर पंधरा जण कोंडाळं करून बसलेत ते वेगळं. एकेकट्या विखुरलेल्या मास्ट सेल्स कितीही असल्या तरी त्या बहुतेक पहिल्या-दुसऱ्या शक्यतेत बसतात. पंधरा किंवा जास्त पेशींचे घट्ट पुंजके, तेही एकापेक्षा जास्त ठिकाणी, हा मास्टोसायटोसिसचा मुख्य निकष. पंधरा हा आकडा माझा नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातला आहे. त्याच्या जोडीला लहान निकष, पाव भागापेक्षा जास्त पेशी लांबुळक्या किंवा विचित्र, सीडी२५ किंवा सीडी२ हे रंग लागणं (नॉर्मल मास्ट सेलला ते लागत नाहीत), किटचा बदल, आणि रक्तातलं ट्रिप्टेज सतत २० नॅनोग्रॅमच्या वर. मुख्य एक आणि लहान एक, किंवा मुख्य नसेल तर लहान तीन, तेव्हा निदान.

म्हणजे तुम्ही लॅबला फोन करून विचारायचं ते एवढंच: मास्ट सेल्स विखुरलेल्या आहेत की पुंजक्यात, गोल आहेत की लांबुळक्या, आणि सीडी२५ केला का. नसेल केला तर त्याच ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या त्याच तुकड्यावर) करता येतो, परत सुई टोचायची गरज नाही. यात पॅथॉलॉजिस्टला राग यायचं काही कारण नाही, आणि आला तर येऊ दे.

ट्रिप्टेजच्या रक्ततपासणीबद्दल थोडं. बऱ्याच लॅब ११.४ पर्यंत नॉर्मल देतात. पण १८ आलं, २६ आलं म्हणून लगेच मास्टोसायटोसिस होत नाही, आणि इथे बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. मायलोफायब्रोसिससारखा मायलॉइड आजार स्वतःच ट्रिप्टेज वाढवतो, म्हणून तो सोबत असेल तर २० चा निकष धरतच नाहीत. किडनी कमजोर असेल तरी वाढतं. काही घराण्यांत ट्रिप्टेजच्या जनुकाच्या जादा प्रती असतात, त्यांचं जन्मापासूनच वरचढ असतं. म्हणून आप्पांचा आकडा आला तर क्रिएटिनिनसोबत (किडनीच्या तपासणीसोबत) वाचायचा, एकटा नाही. नॉर्मल आला तर मात्र मास्टोसायटोसिसचा मोठा बोजा अंगात असण्याची शक्यता बरीच कमी होते, तेवढा उपयोग आहे.

किटची टेस्ट. इथे आपल्या भागातली खरी अडचण येते, अंतर. हाडाचा तुकडा कापण्याआधी आम्ल वापरून मऊ करावा लागतो आणि कडक आम्ल वापरलं तर आतला डीएनए खराब होतो. मग बेळगावहून कुरिअरने ब्लॉक मुंबईला किंवा बंगळुरूला जातो आणि आठवड्याने उत्तर येतं 'नमुना अपुरा'. पेशंटला वाटतं टेस्ट निगेटिव्ह आली. तसं नाहीये, टेस्ट झालीच नाही. ईडीटीए हे सौम्य रसायन वापरून हळू मऊ केलेला तुकडा चालतो, त्याला वेळ जास्त लागतो म्हणून सगळे करत नाहीत. तुमच्याकडे सुईचं सॅम्पल नाही, तर सोपा मार्ग रक्तातून करायचा, पण पद्धत विचारून घ्या. पन्नास-साठ जनुकांचं मोठं पॅनेल केलं की सगळं कळतं असा समज आहे, तर किटचा बदल अगदी थोड्या पेशींत असेल तर पॅनेलमधून निसटतो. त्यासाठी खास डी८१६व्ही शोधणारी पीसीआर किंवा डिजिटल पीसीआर लागते, ती याच्यापेक्षा कितीतरी संवेदनशील. पॅनेलचा उपयोग वेगळा आहे, मायलोफायब्रोसिसमध्ये धोका किती ते ठरवायला ते लागतंच. फक्त 'पॅनेलमध्ये किट निगेटिव्ह' हे वाक्य मी शेवटचा शब्द म्हणून घेत नाही.

आता आप्पांना काही प्रश्न तुम्ही घरीच विचारू शकता. खाज सुटते तेव्हा अंगावर काही उठतं का? पित्त उठलं की लाल चट्टे, गांधी दिसतात. जॅक-२ वाल्या आजाराची खाज पाणी लागल्यावर काही मिनिटांत सुरू होते, टोचल्यासारखी, आणि कातडीवर बघायला गेलं तर काहीच नसतं. घरच्यांना वाटतं म्हातारा उगाच करतोय, आणि बिचारे आंघोळ टाळायला लागतात. उलट मास्टोसायटोसिसकडे बोट दाखवणाऱ्या गोष्टी म्हणजे छाती-मांड्यांवर तपकिरी डाग, पेनच्या मागच्या टोकाने डाग चोळला की पाच मिनिटांत तो फुगून लाल होतो. एकदम चेहरा लाल होणं, पोटात कळ येऊन जुलाब, कारण नसताना चक्कर येऊन पडणं. आणि खानापूरच्या रानात आग्या मोहोळाच्या माश्यांशी गाठ पडणं काही नवीन नाही, तर माशी चावून किंवा दुखण्याची गोळी घेऊन कधी बीपी पडून बेशुद्ध झाले होते का, हे आठवून सांगा. तसं झालं असेल तर ट्रिप्टेज आणि किट थांबवू नका, आणि कुठल्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगायचं.

ॲलर्जीच्या गोळ्यांचं उत्तर आता सोपं आहे. सेट्रिझिन हिस्टामिनची पोचण्याची जागा अडवते, बस. मास्ट सेल कमी करत नाही, मेगाकॅरिओसाइटना हात लावत नाही, धागे विरघळवत नाही. खाजेला काहींना थोडा आराम पडतो, पाण्याच्या खाजेत बऱ्याच जणांना तेवढाही पडत नाही. घेताहेत तर घेऊ द्या, फक्त तिच्या भरवशावर बसू नका. आमसुलाचं पाणी लावलं तर नुकसान नाही, फायद्याची खात्री नाही.

मायलोफायब्रोसिसला जे औषध साधारण पहिलं येतं ते रक्सोलिटिनिब, २०११ पासून वापरात आहे, जॅक-१ आणि जॅक-२ दोन्ही अडवतं. पानथरी उतरते, भूक सुधारते, आणि खाज पुष्कळदा पहिल्या काही आठवड्यांतच कमी होते, पेशंट सगळ्यात आधी तेच सांगतात. पण नीट समजून घ्या, फायब्रोसिस त्याने फारसा मागे जात नाही, आणि सुरुवातीला हिमोग्लोबिन अजून खाली येऊ शकतं, ८.९ असताना याचा हिशेब हेमॅटॉलॉजिस्ट करतीलच. दोन गोष्टी मी माझ्या बाजूने हट्टाने सांगतो. एक, सुरू करायच्या आधी टीबी आणि हिपॅटायटिस बी तपासा, या औषधाने झोपलेला टीबी उठू शकतो आणि आपल्याकडे झोपलेला टीबी घरोघर आहे. (टीबीने मॅरोत फायब्रोसिस पण होतो, जॅक-२ पॉझिटिव्ह असल्यामुळे इथे तो मुख्य कारण वाटत नाही, तरी बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसणाऱ्या पेशींच्या बारीक गाठी) होते का एवढं विचारायला काय जातंय.) दुसरं, औषध संपलं, गावाकडं मिळालं नाही, पैसे नव्हते म्हणून एकदम बंद करायचं नाही, एकदम बंद केलं की लक्षणं उसळून येतात. महिन्याची गोळी संपायच्या आठवडाभर आधी सोय लावा.

मुळापासून बरं करणारा उपाय एकच, दुसऱ्याचा मॅरो बसवणं. ६३ व्या वर्षी तो होतच नाही असं नाही, पण तब्येत, भावंडांपैकी कुणाचा मॅरो जुळतो का, धोका किती, या सगळ्यावर अवलंबून. निदान एकदा ट्रान्सप्लांट करणाऱ्या सेंटरमध्ये बोलून या, नको असं ठरलं तरी ते माहितीनिशी ठरेल. मिडोस्टॉरिन, ॲव्हाप्रिटिनिब ही नावं तुम्ही वाचली असतील, ती मास्टोसायटोसिससाठी आहेत. किट निगेटिव्ह आणि पुंजके नाहीत तर आप्पांचा त्यांच्याशी संबंध नाही. आणि असलाच तरी प्लेटलेट पन्नास हजाराच्या खाली असताना ॲव्हाप्रिटिनिबने मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका असतो, म्हणजे हे काही कुणाच्या सांगण्यावरून मागवायचं औषध नव्हे. दोन्ही आजार एकत्र निघालेच तर शरीराला जास्त त्रास कुठला देतोय ते बघून आधी त्याच्यावर उपचार होतो.

आतापर्यंतचं एकत्र करून सांगायचं तर, तुम्ही दिलेल्या माहितीवर मला हे जॅक-२ वालं मायलोफायब्रोसिस वाटतं, मास्ट सेल्स त्याच कुळातल्या किंवा सोबतीला वाढलेल्या, दुसरा कॅन्सर असण्याची शक्यता कमी. हे मत बदलेल कशाने, तर पुंजके निघाले, सीडी२५ लागला, किट पॉझिटिव्ह आलं, अंगावर तपकिरी डाग आहेत, किंवा इओसिनोफिल दीड हजाराच्या वर आहेत. यातलं काहीही असेल तर खाली लिहा.

मुंबईला पळायचं का? माणसाने लगेच पळायची गरज नाही, आधी ब्लॉक आणि स्लाइडी पाठवा. टाटा मेमोरियल, वेल्लोरचं सीएमसी, बंगळुरूचं किडवाई, अशा ठिकाणी दुसरं मत घेता येतं. लॅबकडून पॅराफिन ब्लॉक मागून घ्या, नुसत्या रंगवलेल्या स्लाइडी नेल्या तर तिथे नवीन रंग करता येत नाहीत आणि फेरी फुकट जाते. ब्लॉक उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते, वितळतं. मूळ रिपोर्ट, जॅक-२ चा रिपोर्ट त्यात टक्केवारी असेल तर त्यासकट, आणि आजवरच्या सगळ्या सीबीसी तारखेप्रमाणे लावून एका फाइलीत. बायोप्सीचा नंबर ब्लॉकवर आणि रिपोर्टवर एकच आहे का ते काउंटरवरच ताडून बघा, घरी आल्यावर नाही.

पैशांचं म्हणाल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकचं कार्ड आधी काढून घ्या. सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू करायचं महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलंय, तुमचं गाव त्या यादीत असेल तर कोल्हापूर किंवा मुंबईला निघायच्या आधीच त्या हॉस्पिटलच्या योजना कक्षात फोन करून विचारा की कर्नाटकच्या रेशन कार्डावर काय काय कागद लागतील आणि रक्सोलिटिनिब त्यात बसतं का की फक्त ॲडमिशनचा खर्च. तोवर आप्पांना कोमट पाण्याने, कमी वेळात आंघोळ करू द्या, पंचाने घासायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि डाव्या बाजूला एकदम जोरात दुखलं किंवा खांद्यापर्यंत कळ गेली तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या, एवढ्या मोठ्या पानथरीला मार बसून चालत नाही, म्हणून बैलांच्या कामाला आणि मोटरसायकलवर मागे बसायला सध्या नकोच म्हणा.